सहाव्या प्रभागाचा गठ्ठा

नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाने गेल्या मंगळवारी सही केली होती. सही चांगली ठसठशीत होती, हात कुठे थरथरलाही नव्हता.

पडताळणी अधिकारी बाईंनी तो अर्ज उजेडाकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. सगळं शहर त्यांना पाठीमागे 'चाळणीबाई' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. चाळणीने खडे वेगळे काढायचे असतात; खड्यांनी तिच्यावर जीव टाकावा अशी कुणाची अपेक्षा नसते.

प्रकरण साधं होतं. एका नव्या पक्षाला राज्यपातळीवर नोंदणी हवी होती. त्यासाठी चाळीस प्रभागांतून प्रत्येकी किमान हजार मतदारांचे सहीचे अर्ज द्यायचे. एकोणचाळीस प्रभाग पार पडले होते. सहाव्या प्रभागाच्या अकराशे पंचेचाळीस अर्जांत चौऱ्याऐंशी खोटे निघाले. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती हुकली की पुढची संधी पाच वर्षांनी.

नियम असा होता, की खोटेपणा पक्षाचा ठरला तर सगळंच बाद. एकट्यादुकट्याचा ठरला तर खोटे अर्ज वगळायचे, बाकीचे धरायचे आणि त्या माणसावर खटला भरायचा.

म्हणूनच सकाळी नऊ वाजता मास्तर हजर झाले. मास्तर म्हणजे पक्षाचे अध्यक्ष, जन्मभर गणित शिकवलेला माणूस. त्यांनी सही-शिक्क्याचं पत्र आणलं होतं. सहाव्या प्रभागातले अर्ज एका शिंपीणबाईने गोळा केले, खोटेपणा तिचा, पक्षाचा तिच्याशी संबंध नाही.

"तुम्ही त्यांना विचारलंत?" चाळणीबाईंनी विचारलं.

"विचारायचं काय? गठ्ठा तिचा आहे."

उत्तर आधी आणि गणित नंतर, असा गणिताचा मास्तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तो माणूस त्यांना तिथेच नावडला. पण नावडणं हा काही पुरावा नव्हे, म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि त्या प्रभागाकडे निघाल्या.

शिंपीणबाईचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही पडली होती. दारात दोन बायका आपापलं कापड परत मागत उभ्या होत्या. मास्तरांच्या माणसांनी सकाळीच गल्लीभर बातमी पोचवली होती. आत मोठे दीर खुर्ची दारापासून लांब ओढून बसले होते, जणू घर दुसऱ्याचं आहे. खटला उभा राहिला तर या घरात राहायचं नाही, असं त्यांनी चाळणीबाईंच्या देखतच भावजयीला सुनावलं.

शिंपीणबाई रडत नव्हती. दोन्ही गिऱ्हाइकांचं कापड तिने नीट घडी घालून परत केलं.

"अर्ज कुठे ठेवत होता?"

"रोज संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत. तिथल्या कपाटात."

"किल्ली कुणाकडे?"

"मास्तरांकडे. पण कपाट दिवसभर उघडंच असतं. बसणारे तिघं. पोस्टमन, छापखानेवाले आणि मीटरवाले."

"तुमचं कुणाशी वाकडं?"

तिने सांगितलं ते असं. ज्याच्या सह्या जास्त त्याला प्रभागाची उमेदवारी, असं मास्तरांनी जाहीर केलं होतं. ते तिघंही याच प्रभागातले, तिघांचाही उमेदवारीवर डोळा. प्रत्यक्षात अर्ज गोळा केले ते मात्र तिनेच; तेव्हापासून तिघंही तिला पाण्यात पाहत होते.

"मयत माणसाचा अर्ज मी भरीन का, बाई?" ती म्हणाली. "त्यांच्या तेराव्यापर्यंत मी त्या घरी पोळ्या लाटल्यात."

बोलणं खरं वाटलं. पण खरं वाटणारं बोलणं चाळणीबाईंनी नोकरीत पोत्याने ऐकलं होतं.

मयताचं घर वरच्या गल्लीत होतं. सुनेने दार हातभरच उघडलं आणि तेवढ्या फटीतून सरकार, पक्ष आणि मेलेल्यांनाही न सोडणारी जगातली समस्त माणसं यांचा उद्धार केला. चाळणीबाईंनी तो ऐकून घेतला. भांडणारा माणूस थकला की खरं बोलतो, हा त्यांचा अनुभव होता.

"सासऱ्यांचं नाव मतदारयादीत आहे?"

"कधीच काढलं. मीच अर्ज दिला होता."

"आणि घर?"

"घराला काय धाड भरलीय? घरपट्टी यांच्या नावावर झाली. बाकीचं तसंच आहे. कोण हेलपाटे घालणार?"

दारामागे खिळ्याला टोचलेले कागद वाऱ्याने फडफडत होते. चाळणीबाईंनी वरचा कागद वाचला आणि सुनेचे आभार मानले. दार आभाराच्या मध्येच बंद झालं.

मग त्या चौऱ्याऐंशी अर्जांची यादी हातात धरून तीन गल्ल्या फिरल्या. कुठे पाणी मिळालं नाही, कुठे 'साहेब घरी नाहीत' असं साहेबांच्याच आवाजात ऐकायला मिळालं. तरी दोन गोष्टी त्यांनी टिपून घेतल्या.

पहिली ही, की खोट्या अर्जांत घरटी एकच नाव होतं आणि ते नेहमी घरमालकाचं. भाडेकरू एकही नाही. शिंपीणबाईच्या खऱ्या अर्जांत मात्र एकेका घरातून तीन-तीन नावं होती. सुना, म्हाताऱ्या, माडीवरचे भाडेकरू. भरदुपारी दार वाजवलं की जे घरात असतं तेच दार उघडतं.

दुसरी गोष्ट पंधरा नंबरची. खोटे अर्ज चौदाच्या घरावरून थेट सोळाच्या घरावर गेले होते. पंधराव्या घरात तर सात माणसं राहत होती. दोघा भावांचं भांडण होऊन घराची वाटणी झालेली. धाकट्याच्या खिडकीतून एक वायर निघून समोरच्या घरात शिरली होती. असं वगळलेलं घर खालच्या गल्लीतही एक सापडलं. त्याच्या दारात भरदिवसा कंदील पुसत बसलेली बाई होती.

साडेतीन वाजता चाळणीबाई पक्षाच्या कचेरीत शिरल्या. पूर्वी ते फोटो काढायचं दुकान होतं. भिंतीवर अजून रंगवलेला धबधबा होता आणि त्याच्या खाली मास्तर बसले होते. शिंपीणबाईला बोलावून घेतलेलं होतं. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

चाळणीबाईंनी तिघांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं. आरोपाबद्दल चकार शब्द काढला नाही. मागच्या गल्लीतही पडताळणी करायची आहे, सहा ते दहा नंबरात कोण राहतं तेवढं सांगा, इतकंच विचारलं. त्या गल्लीतला एकही अर्ज खोटा नव्हता, त्यामुळे कुणी सावध झालं नाही.

पोस्टमनने तीस वर्षं पत्रं वाटली होती. त्याने पाच घरांतली एकोणीस नावं धडाधड सांगितली. कोणत्या भाडेकरूच्या मुलीचं पत्र परदेशातून येतं, तेही ऐकवलं. नऊ नंबरची म्हातारी घर विकून लेकीकडे गेली, असंही जाता जाता सांगितलं.

छापखानेवाल्याला दोनच घरं माहीत होती. एकाचं लग्न त्याने छापलं होतं, दुसऱ्याने छपाई बुडवली होती. बाकीच्यांविषयी त्याने कानावर हात ठेवले.

मीटरवाला दोन वर्षांपूर्वी वीजकचेरीतून निवृत्त झाला होता. खांद्याची पिशवी मांडीवर घेऊन तो ऐटीत बसला. "सहा, सात, आठ," असं म्हणत प्रत्येक घराचं एकेक नाव त्याने सांगितलं. नऊला त्या म्हातारीचं नाव घेतलं.

"आणि दहा?"

"दहा नंबर नाहीच तिथे. नऊनंतर अकरा."

दहा नंबर होतं. चाळणीबाई दुपारी त्याच्या ओट्यावर बसून सँडलमधला खडा काढून आल्या होत्या.

त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तर म्हणाले, की बाईंनी आता भाषण न करता निकाल द्यावा.

"मी भाषण करत नाही, ते तुमचं खातं," चाळणीबाई म्हणाल्या. "ज्याने हे अर्ज भरले त्याने मतदारयादी वापरली नाही. त्या यादीत मयत माणूस नाही. तो दारोदारही गेला नाही, नाहीतर भाडेकरू आले असते. घरपट्टीची यादी वापरली असती तर मयताऐवजी मुलाचं नाव आलं असतं, आणि पंधरा नंबरही आला असता, कारण घरपट्टी त्या घरालाही आहे. मग मयताला जिवंत ठेवणारी आणि पंधरा नंबरला घर न मानणारी यादी कुठली?"

छापखानेवाल्याने पोस्टमनकडे पाहिलं.

"पंधरा नंबरला स्वतःची वीज नाही, समोरच्या घरातून घेतलेली वायर आहे. खालच्या गल्लीतल्या वगळलेल्या घरात कंदील आहे. आणि मयताच्या दारामागे गेल्या महिन्याचं विजेचं बिल लटकतंय, त्यांच्याच नावाचं. नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही."

आता सगळे मीटरवाल्याकडे पाहत होते.

"गाव प्रत्येकाला आपापल्या धंद्यातून दिसतं," त्या पुढे म्हणाल्या. "पोस्टमनला भाडेकरूही माहीत असतात, त्यांनाही पत्रं येतात. तुम्हाला माणसं माहीत नाहीत, मीटर माहीत आहेत. जिथे मीटर नाही तिथे तुमच्या लेखी घरच नाही. आत्ता मला तुम्ही दहा नंबर नाही म्हणालात. तिथे मीटर नाही, एवढंच. पिशवीत जुनी वही असेल तर काढा. क्रम जुळवून पाहू."

मीटरवाल्याने पिशवी घट्ट धरली. मग पोस्टमनने पुढे होऊन ती ओढली, तेव्हा त्याने फार ओढाताण केली नाही. वही निघाली. चौऱ्याऐंशी नावं त्याच क्रमाने होती.

"तीस वर्षं मी त्या दारांत गेलो," मीटरवाला म्हणाला. "एकाने बस म्हटलं नाही. आणि हिला खुर्च्या देतात. काल आलेल्या बाईला. उमेदवारी हिला द्यायची?"

"तुम्ही वायरी कापायला जायचात," शिंपीणबाई म्हणाली. "मी मापं घ्यायला."

त्याने तिचा गठ्ठा नासवला होता तो यासाठी, की खोटे अर्ज सापडावेत आणि ती अडकावी. चाळणीबाईंनी तसा जबाब लिहून त्याची सही घेतली. या वेळी सही त्याच्या स्वतःच्या नावाची होती.

मास्तरांनी तोवर बेरीज-वजाबाकी केली होती. एक हजार एकसष्ट खरे उरतात, म्हणजे प्रभाग पास. त्यांचा चेहरा उजळला आणि चाळणीबाईंना त्या उजेडाची किळस आली.

"उरलेल्या गठ्ठ्याला नवं घोषणापत्र लागेल," त्यांनी सांगितलं. "सह्या माझ्यासमोर झाल्या, असं गोळा करणाऱ्याने लिहून द्यायचं. या बाई दोषी ठरल्या असत्या तर अध्यक्षांची सही चालली असती. आता यांचीच लागेल."

मास्तरांनी स्वतः खुर्ची ओढून शिंपीणबाईपुढे ठेवली आणि खिशातलं पेन उघडून दिलं. झालं गेलं विसरा, उमेदवारी तुमचीच, राज्यभरातल्या हजारो माणसांची मेहनत तुमच्या एका सहीवर आहे, असं बरंच काही ते बोलले.

ती बसली नाही.

"माझ्या गल्लीत बावीस घरं आहेत," ती म्हणाली. "सकाळी तुमची माणसं प्रत्येक दारात सांगून आली, की मी चोर आहे. आता तुम्ही माझ्याबरोबर चला. प्रत्येक दारात सांगा, की मी खोटं बोललो. वीस मिनिटं लागतील. तिथेच सही करते."

घड्याळात चार पंचवीस झाले होते. गल्ली पाच मिनिटांवर, पडताळणी कचेरी तिथून दहा मिनिटांवर. चाळणीबाईंनी मनात हिशेब केला. वेळ जेमतेम पुरत होता. कुणाच्या बाजूने काही घडावं अशी इच्छा त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती. आता मास्तरांनी उठावं असं त्यांना फार वाटलं.

मास्तरांनीही घड्याळ पाहिलं. मग ते समजुतीने हसले, वर्गातल्या ढ मुलीकडे पाहून हसतात तसे. अध्यक्षाने दारोदार असं फिरणं बरं दिसत नाही, विरोधक त्याचंच भांडवल करतील, असं त्यांनी सांगितलं.

"आधी सही करा, बाई. ते आपण नंतर करू."

शिंपीणबाईने पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मग मीही नंतरच करते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

मास्तर तिच्यामागे जिन्यापर्यंत धावले. पोस्टमन धावला, छापखानेवालाही धावला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पाच वाजता चाळणीबाईंनी अहवाल लिहिला. सहावा प्रभाग, घोषणापत्र दाखल नाही. पक्षाची नोंदणी नाकारण्यात येत आहे. दुसऱ्या कागदावर त्यांनी शिंपीणबाई पूर्ण निर्दोष असल्याचं लिहिलं, त्यावर शिक्का मारला आणि त्याच्या बावीस प्रती काढल्या. नियमात एकच प्रत होती. मग छत्री घेऊन त्या त्या गल्लीकडे निघाल्या, आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.