दहावी ओळ

विनीता कंटाळलेली होती, आणि हे काही आजचं नव्हतं. टार्निटहून ट्रेनने मेलबर्नच्या ऑफिसात जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, आणि घरी येऊन कणीक भिजवायची. गेल्या सप्टेंबरात ती बेल्जियमला गेली तीही थकूनच. सहलीचं वेळापत्रक नवऱ्याने, माधवने, एक्सेलमध्ये केलं होतं आणि सुटीत माणसाने घटकाभर टेकावं असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ब्रुसेल्स, अँटवर्प, ब्रुज, गेंट. चार जुनी शहरं, सहा दिवस, घंटाघरांच्या गोल जिन्यांवरून वर आणि खाली. तिसऱ्या दिवशीच तिचे पाय सुजून भोपळे झाले.

रेल्वेचा पास मात्र विनीताच्या ताब्यात होता. साधा जाड कागद, त्यावर दहा रिकाम्या ओळी. गाडीत चढण्याआधी पेनाने लिहायचं: तारीख, कुठून, कुठे. एका माणसाला एका प्रवासाची एक ओळ, म्हणजे दोघांना दोन. ब्रुजच्या फलाटावर तिने एक ओळ लिहिली तोवर गाडी आली. दुसरी, माधवची, लिहायचा तिने चक्क कंटाळा केला. तपासनीस आलाच नाही. "देव पावला," ती म्हणाली. गेंटला दोघं उतरले.

गेंटहून ब्रुसेल्सला परतताना तिने शहाण्यासारख्या दोन ओळी भरल्या. एकूण सात झाल्या, तीन उरल्या. पास वर्षभर चालतो म्हणून तो पासपोर्टच्या पाऊचमध्ये घरी आला. आपली माणसं बिस्किटांचा रिकामा डबाही टाकत नाहीत, हा तर पास.

घरी आल्यापासून माधव गप्प होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तो कुठेही गेला तरी 'पोचलो' असा मेसेज टाकायचा. कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी टाकायचा, आणि ती त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायची. आता ऑफिसला जायचा, यायचा, पण मेसेज नाही. एक्सेल नाही, घोरणंही नाही. चहा पुढे ठेवला की प्यायचा. तो समोर बसलेला असताना तिला त्याची आठवण यायची, आणि हे सांगणार कोणाला?

"आई, चिल. ही इज जस्ट टायर्ड," त्यांची मुलगी सावनी युनिव्हर्सिटीला निघता निघता म्हणाली. "यू बोथ आर."

जूनमध्ये सावनीचा पासपोर्ट शोधताना पास हाती लागला. आठवी ओळ भरलेली होती. ब्रुज ते गेंट. तारीख आदल्या दिवशीची. अक्षर माधवचं, उजवीकडे खाली घसरत जाणारं. शेजारी तपासनिसाचा शिक्का होता, आणि बोट फिरवल्यावर त्याची शाई पसरली.

तिने आधी सावनीला विचारलं. मग माधवला.

"मी कशाला लिहू?" माधव म्हणाला. त्याने पासाकडे पाहिलंसुद्धा नाही.

एकदा दिसलेल्या चुकीवर विनीता विश्वास ठेवत नसे. पुन्हा दिसली तरच ती खरी, हा तिच्या कामाचा नियम. तिने पासाचा फोटो काढला, आणि पास ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला. किल्ली तिच्याच गळ्यातल्या साखळीत.

ऑगस्टमध्ये तिने ड्रॉवर उघडला तर नववी ओळ भरलेली होती. गेंट ते ब्रुसेल्स. शिक्का ओला होता.

मग मात्र तिला ऑफिसातच रडू फुटलं. कुणाला तरी त्या फलाटावर आपण सोडून आलो, एका ओळीच्या कंटाळ्यापायी. आणि तो बिचारा एकेक गाव करत मागे येत होता.

पासाची मुदत सप्टेंबरातल्या एका शनिवारी संपत होती. आदल्या दिवशीच ती ऑफिसातून पास घरी घेऊन आली होती. सावनी ट्रुगानिनाला मैत्रिणीकडे गेली होती. माधव सोफ्यावर बसला होता. दुपारचा चहा गॅसवर होता, नेहमीसारखा दोन कप.

दहावी ओळ अजून कोरी होती. विनीताने ओट्यावर पास ठेवला, पेन घेतलं. तारीख. कुठून: ब्रुसेल्स. कुठे, या रकान्याशी ती थोडी थांबली.

टार्निट, तिने लिहिलं. या वेळी एक अक्षरही घाईने लिहिलं नाही.

चहा उतू जायच्या बेतात आला. तिने गॅस बारीक केला.

फोन वाजला. मेसेज होता.

'पोचलो.'

पाठोपाठ बेल वाजली. एकदा बेल, मग दारावर दोन टकटक. एकवीस वर्षांची सवय.

ती दाराकडे धावली. कडीवर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं.

सोफ्यावरचा माधव तिच्याकडेच बघत होता.

"उघड ना," तो म्हणाला. "दमला असेल."

"आणि तू?"

"मी कुठे जाणार? ओळ उरली नाही ना आता."

बाहेर पुन्हा दोन टकटक झाल्या.

माधव उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि त्याने कपाटातून तिसरा कप काढला.