आडवा पाहुणा

सिद्धेशची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मोबाइलवर नुसता छताचा पंखा दिसत होता.

जुनाट दुखण्यावरच्या एका मराठी वेबसाइटवर रविवारी ऑनलाइन वर्ग असतो. गेली तीन वर्षं माझी मान, कंबर, सगळंच दुखतंय. रिपोर्ट मात्र नॉर्मल. 'दुखणं खोटं नाही, नसा गरजेपेक्षा जास्त सावध झाल्यात,' हे मला तिथल्या व्हिडिओनेच पहिल्यांदा सांगितलं. मी चक्क रडले होते. त्या रविवारी वर्ग घेणाऱ्या ताईंनी गप्पांसाठी आमची जोडी लावली.

"हॅलो... मी मानसी, चारकोप. पंख्याशी बोलू, की कोणी माणूस आहे?"

"आहे ना! खाली आडवा पडलोय. सिद्धेश, मालाड. बाइकवरून पडलो तेव्हापासून पाठ बसूच देत नाही यार."

"मग तोंड तरी दाखव."

"दाखवतो... पण मग रोज बघावं लागेल हां!"

आगाऊ कुठला! पण रोज बघायला लागले खरी. वेबसाइटवरचे व्यायाम आम्ही व्हिडिओ कॉलवर एकत्र करायचो. तो हसला, की माझी मोजणी चुकायची.

मग एक दिवस तो म्हणाला, "भेटूया ना..." मी हो म्हणून बसले, आणि मग घाबरले. ठरत आलेलं एक लग्न या दुखण्यापायी मोडलं होतं. मोबाइलवरची मी त्याला आवडत होते. अंथरुणाला खिळलेली आवडेल?

भेटीच्या सकाळी अंग छान हलकं होतं. झालं! बऱ्या दिवशी सगळं उरकायला जायचं नाही, थांबत थांबत करायचं, हा वर्गातला पहिला धडा मी साफ विसरले. केस धुतले, ड्रेसला इस्त्री केली, त्याच्यासाठी उभ्या उभ्या घावणे काढले. दुपारी कंबर अशी धरली, की पलंगावरून उठता येईना. 'काम आलंय, नको भेटूया,' असा मेसेज टाकून उशीत तोंड खुपसलं.

लगेच उत्तर आलं. 'खरं सांग. आज जास्त केलंस ना?'

'हो.'

'पत्ता पाठव.'

तासाभरात दारात हजर! आई ओरडली, "अगो मानसी, कोण इलो हा बघ!"

"काकी, राग मानू नका..." तो भिंतीला धरून उभा होता. "रिक्षाने पाठीची वाट लावली. जरा जमिनीवर आडवा झालो तर चालेल?"

पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा, आणि आईने त्याला पाण्याच्या आधी चटई दिली. तो माझ्या पलंगाशेजारी पाठ टेकून पडला. मला फक्त त्याचे केस दिसत होते.

"हे असंच राहणार रे," मी म्हणाले. "कधी बरी, कधी अशी. पूर्ण जाईल, असं वर्गातही कोणी सांगत नाही. आत्ताच विचार कर."

"केला ना. रिक्षात दुसरं काय करत होतो?" मग हळूच... "तू बरी नसलीस तरी मला तूच पाहिजेस, मानसी."

मी हात खाली सोडला. त्याने तो धरला.

"मलाही... तूच," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात आई मुद्दाम भांडी वाजवत होती. मी हात सोडवून घेतला नाही. कंबर ठणकतच होती, आणि तीन वर्षांत मी इतकी सुखात कधीच नव्हते.