अकरावा फेरा

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ड्रॉइंग काढणारी बाई आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोकांशी भांडते. थापा मारायची मला सवय नाही. कामात एकदाच मारली. कुठे, तेही सांगते.

चौदा जानेवारी, मंगळवार. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं.

हो, दुपारचे. आमच्या सांता फेच्या मैदानी मुलखात रात्रीला कुणी भीत नाही. जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा; रात्री बारालाही लोक दारात खुर्च्या टाकून शेजाऱ्यांच्या सुनांची मापं काढत बसलेले असतात. रस्ते ओस पडतात ते दुपारी. एक ते चार अख्खं गाव झोपतं. कुत्रीसुद्धा.

लहानपणी आई दटावायची, "झोप गं निदिया. या वेळी बाहेर जो फिरतो, तो माणूस नसतो."

मी हसायचे.

आमचं वर्कशॉप नऊ माणसांचं. धान्य वाळवायच्या यंत्रांचे सुटे भाग बनवतो. मालक डॉन एल्वियो; इथे वडीलधाऱ्या पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला दोन्या. लोखंड फिरवून कापायच्या लेथवर अडतीस वर्षं डेल्मो याकोनो. वाळका, चष्मा दोरीने बांधलेला. मी त्याच्याहूनही वाळकी, म्हणून तो मला 'काडी' म्हणायचा.

आट्यांवरून आमचं रोज वाजायचं. स्क्रूचे आटे. संगणकात आम्ही ते खरोखर कोरत नाही. गुळगुळीत दांड्यावर आट्यांचं चित्र चिकटवतो आणि शेजारी माप लिहितो. फाईल हलकी राहते. डावे काय, उजवे काय, चित्र एकच. डावे हवे असतील तर शेजारी 'डावे' लिहायचं. काही लिहिलं नाही, की नेहमीचे उजवे.

"ए काडे, तुझ्या या आट्यांवर माशी तरी चढेल का?" डेल्मो विचारायचा.

"तुम्ही चढून बघा, डॉन डेल्मो. वजन तेवढंच राहिलंय तुमचं."

मग तो येर्बाच्या कडू काढ्याचा तुंबा माझ्यापुढे सरकवायचा. भांडण मिटलं.

मोठ्या आट्यांना तो मोजून अकरा फेरे घ्यायचा. लेथ कुरकुरत पुढे. खट्, हत्यार बाहेर. लेथ उलटं फिरत परत. पुन्हा थोडं खोल. अकराव्या फेऱ्यानंतर नट चढवून बघायचा आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडायचा, "बसला!"

तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, एका मोठ्या पंख्याचा शाफ्ट आणि नट बनवायचा होता. तो पंखा ज्या बाजूला फिरतो, त्यात उजवा नट आपोआप सैल होतो. तिथे डावेच आटे लागतात.

मी 'डावे' लिहायला विसरले.

डेल्मो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "काडे, पंख्याचा ना हा? मग उजवे कसे?"

माझ्यापुढे तीन कामं पडली होती. मी मान वर केली नाही.

"जे लिहिलंय ते कापा. विचार करायला मी आहे."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग गेला.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट बसवायला तोच गेला. पंखा सुरू झाला. चार मिनिटं चालला. नट निघाला... आणि पंख्याचं चाक सुटलं.

डेल्मो समोर उभा होता.

बाकीचं सांगत नाही.

त्याच संध्याकाळी, चौकशीवाले यायच्या आत, मी फाईल उघडली आणि एक शब्द लिहिला. डावे. नवा कागद छापून जुन्याच्या जागी ठेवला.

हीच ती थाप.

सगळं सरळ होऊन गेलं. ड्रॉइंग बरोबर, म्हातारा चुकला. सहासष्टाव्या वर्षी डोळे जायचेच. वर्कशॉपमध्ये तर बोलायची पद्धतच पडली. कुणी उलटे आटे कापले, चुकीचं भोक पाडलं, की नवा लेथवाला हूगो ओरडणार, "डेल्मो केलास ना लेका!" सगळे हसणार.

अडतीस वर्षांत त्या माणसाने बिघडवून टाकून दिलेले तुकडे मी मोजलेत. सहा.

या वर्षी नवं मशीन आलं. त्याला शब्द कळत नाहीत, आकार लागतो. "चित्रं पुरे झाली," डॉन एल्वियो म्हणाले. "आटे खरे कोर. पंख्याच्या शाफ्टपासून सुरुवात कर, पुन्हा मागणी आलीय."

तोच शाफ्ट.

दिवसा गडबड असते, म्हणून मी दुपारी थांबले. डॉन एल्वियो जाताना वर्कशॉपचा मुख्य खटका पाडून गेले. ऑफिसची वीज वेगळी आहे.

काम सोपं असतं. त्रिकोण काढायचा, मळसूत्राच्या वाटेवरून फिरवायचा, मधलं लोखंड काढून टाकायचं. एका फेऱ्यात पुरे आटे. मी डावे कोरले. दोनदा तपासले.

दोन वीस झाले होते...

भिंतीपलीकडे लेथ कुरकुरलं.

पुढे... खट्... आणि उलटं फिरत परत.

मग काही नाही.

मी उठून दार ढकललं. अंधार. खटका पडलेलाच. लेथवर हूगोची ताडपत्री तशीच. पण हवेत लोखंड कापतानाच्या तेलाचा वास होता... ताजा.

परत येऊन पडद्यावर पाहिलं.

आटे उजवे झाले होते.

आणि पुरे खोल नव्हते. नुसता ओरखडा. लेथवर पहिल्या फेऱ्यानंतर दिसतो तसा. संगणकात असं थोडं थोडं कुणी कापत नाही. पडद्याच्या कडेला केलेल्या कामांची यादी असते. माझं काम त्यात नव्हतं. फक्त एक ओळ होती. 'फेरा १'.

मी ती पुसली. पुन्हा डावे कोरले. चार वाजता डॉन एल्वियोंना सांगितलं.

"झोप काढत जा गं," ते म्हणाले. "दुपारी जागणाऱ्याला काहीही ऐकू येतं."

बुधवारी दोन फेरे ऐकू आले. यादीत दोन ओळी.

गुरुवारी तीन.

शुक्रवारी मी थांबले नाही, घरी गेले. पलंगावर पडले, पडदे ओढले... आणि माझ्या स्वयंपाकघरातून लेथचा आवाज आला. चार वेळा.

त्यानंतर मी वर्कशॉपमध्येच थांबत गेले. निदान तिथे लेथ तरी होतं.

नवव्या दिवशी माझ्या टेबलावर लोखंडाचा एक लांब वळलेला छिलका होता. हात लावला.

गरम.

दहाव्या दिवशी दहा फेरे. दहाव्यानंतर हत्यार मागे आलं, लेथ थांबलं... आणि टेबलाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. दिसलं कुणी नाही. पण मला विचारायचा प्रश्न घेऊन कुणी टेबलाशी उभं आहे, हे मला न बघता कळतं. बावीस वर्षांची सवय आहे.

मी मान वर केली नाही. या वेळीही.

मग पळाले. भर उन्हात, रिकाम्या रस्त्याने, थेट डेल्मोच्या बायकोच्या दारात.

दोन्या इल्दा जागी होती. आत घेतलं, सोडा दिला. मी सगळं सांगितलं. कागद, शब्द, थाप.

ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"त्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, 'मी विचारलं. काडी खेकसली,'" ती म्हणाली. "म्हणाला, 'पण तिला माहीत असेल.'"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मेलेल्याच्या बायकोचं कोण ऐकतं? बेकरीत मी शिरले की बोलणं बंद पडतं, पोरी." तिने कण बशीत झाडले. "आणि मला काय सांगायला आलीस? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना जाऊन सांग."

चार वाजता मी सगळ्यांसमोर सांगितलं. डॉन एल्वियो आत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आता चौकशी पुन्हा सुरू झालीय. माझं काय व्हायचं ते होईल, मी सही करून दिलीय.

दुसऱ्या दिवशी दोन वीसला काहीच ऐकू आलं नाही.

आटे डावे राहिले.

तीन आठवडे शांत गेले. दोन्या इल्दा बेकरीत दिसली. कुणीतरी तिच्याशी हवापाण्याचं बोलत होतं.

मग गेल्या आठवड्यात सोमवारी हूगोने स्वतःच एक बुश, शाफ्टवरचं पोकळ कडं, उलटा कापला. कपाळावर हात मारून म्हणाला, "च्यायला, डेल्मो केला की मी!"

वाईट हेतूने नाही. जिभेला वळण पडलंय. सगळे हसले.

मीही हसले.

लक्षात यायच्या आत हसले.

मंगळवारी दोन वीसला... एक फेरा.

मी डॉन एल्वियोंना सांगितलं नाही. मोजतेय फक्त. मध्ये शनिवार-रविवार आले, तेही सुटले नाहीत. घरीच ऐकले.

आज दहा झाले. आज पुन्हा कुणीतरी टेबलाशी येऊन उभं राहिलं. या वेळी मी मान वर केली.

कुणी नव्हतं. पण टेबलाच्या कडेला येर्बाचा तुंबा होता... माझ्याकडे सरकवलेला.

मी प्याले नाही.

मागच्या वेळी सांगण्यासारखं काहीतरी होतं. आता सांगू काय? की मी हसले?

उद्या अकरावा.