लाल जरा जास्तच

खरं तर त्याला पाचव्या मजल्यावर जायचं होतं. पण लिफ्ट बंद, जिने चढता चढता मजले मोजण्यात तो चुकला आणि बेल वाजली चौथ्या मजल्यावरची. दार तिने उघडलं. समोर एक उंच, घामाघूम तरुण, खांद्यावर अवजारांची बॅग.

"टीव्हीची तक्रार... इथूनच ना?"

ती नाही म्हणणार, एवढ्यात मागून बाबा आले. त्यांच्याकडे टीव्ही होता भिंतीएवढा, भोवती पाच स्पीकर, आणि घेतल्यापासून त्यावरचं चित्र काही कुणाला पटत नव्हतं. माणसं मेणाची वाटायची, चेंडूला शेपूट फुटायचं आणि बातम्या देणारी बाई कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसायची. तक्रार करू करू म्हणत राहूनच गेलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणत बाबांनी त्याला हाताला धरून आत आणलं. वरच्या मजल्याला अर्धा तास थांबायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं.

तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, हे तिने पाहिलं. पाहायचं ठरवलं नव्हतं, पण पाहिलं.

त्याने आधी खिडकीचा पडदा ओढला, कारण अर्धा दोष काचेवर पडणाऱ्या उजेडाचा होता. टीव्ही अजून दुकानातल्या झगमगाटाच्या सेटिंगवरच होता, तो साध्या घरगुतीवर आणला. हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय बंद केली आणि चेंडूचं शेपूट गळून पडलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, आणि आम्ही इतके दिवस एकमेकांच्या चष्म्यांना बोल लावत होतो.

रंगांपाशी आल्यावर मात्र त्याची रीत निराळी. स्वतः काही ठरवायचंच नाही. रिमोट हातात धरून तिच्याकडे वळला.

"हा लाल कसा दिसतोय तुम्हाला?"

आता हा प्रश्न त्याने विचारला कुणाला, तर रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला. लोक भिंतीचा पोपडा घेऊन यायचे आणि ती नुसत्या नजरेने तश्शीच छटा मिसळून द्यायची.

"गाजराकडे झुकलाय," ती म्हणाली.

"आता?"

"टोमॅटो. पण कालचा."

"आणि... आता?"

"हं. आत्ताच तोडलेला."

त्याने ते आकडे छोट्या वहीत टिपले, फोन नंबर ठेवला आणि वर निघून गेला. तिला वाटलं, काय मुलगा आहे. आजवर त्या घरी जो जो दुरुस्तीला आला, त्याने 'तुम्हाला नाही कळायचं त्यातलं' असंच ऐकवलं होतं. हा पहिला, ज्याने तिला काय दिसतं ते विचारलं.

मग आठ दिवस टीव्ही असा काही छान चालला की विचारू नका. हीच तर पंचाईत. तक्रारीला जागाच नाही. दुकानात तिने एका काकांना फिक्या निळ्याऐवजी गुलाबी डबा बांधून दिला. त्याने पुन्हा यावं एवढंच तिला हवं होतं, आणि त्याला यायचंय का, हे जाणून घ्यायचं होतं.

रविवारी बाबा फिरायला बाहेर पडले आणि तिने रिमोट घेतला. लाल वाढवला... अजून वाढवला... पार टोकाला नेला. बातम्यांची बाई बीटासारखी झाली. मग जमेल तितक्या दुःखी आवाजात तिने फोनवर रंग बिघडल्याचं सांगितलं.

तो तासाभरात येतो म्हणाला आणि अर्ध्या तासात आला. शर्टला इस्त्री होती. आई स्वयंपाकघरातून डोकावली, टीव्ही पाहिला, लेक पाहिली आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात परत गेली.

"कसं दिसतंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आज तुम्हीच सांगा," ती म्हणाली. चिडवायचं म्हणून.

त्याचा हात थांबला. त्याने वायर तपासली, पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मग हळूच म्हणाला, "चित्र तर... ठीक आहे."

तिचं मन खट्टू झालं. म्हणजे याला सगळं दिसलंय आणि पाच मिनिटंही बसायचं नाहीये. आपण एवढं नाटक रचलं आणि आपलंच हसं. उगाच त्रास दिला, असं काहीसं ती पुटपुटली. त्याने बॅग उचलली. दाराशी गेला, एक बूट घातला... आणि तसाच स्टुलावर बसून राहिला.

"ठीक नाहीये ना?"

"बाईचं बीट झालंय," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच दिसलं नाही?"

त्याने मान हलवली. मग खाली बघत एकेक सांगू लागला. लहानपणापासून त्याला लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत, दोन्ही मातकटच. काम करतो ते आकड्यांवर आणि लोकांना विचारून. लोक या विचारण्याला आदब म्हणतात, कंपनी तर कौतुकही करते, पण कंपनीला यातलं काही ठाऊक नाही. कुणालाच नाही. तिला पहिल्यांदा सांगतोय.

"मग आज आकडे का नाही बघितलेत?"

"विसरलो," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघत होतो."

आता तिला बोलणं भागच होतं. "लाल मीच वाढवला," ती म्हणाली. "काय करणार — आठ दिवस झाले, मेला टीव्ही काही केल्या बिघडेना."

तो एवढा मोठ्याने हसला की स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिचे कान तापले, गाल तापले, मानेपर्यंत चटका गेला. आणि तो आपला तिच्या चेहऱ्याकडे बघत, अजून कशाची तरी वाट पाहत बसलेला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसापुढे लाजून लाल होणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इथे तोंडानेच सांगावं लागणार.

"ऐका," ती म्हणाली. "मी लाजलेय. कानापर्यंत."

"माझ्यामुळे?"

"मग काय... तुझ्यामुळेच."

'तुमच्या'चं 'तुझ्या' झालेलं तिला जरा उशिराच कळलं. त्याला लगेच कळलं. त्याने वाकून पायातला बूट काढून ठेवला.