तिसऱ्या मजल्यावरच्या सपाता

आमच्या घरात बूट घालून कुणी उंबरठा ओलांडलेला मला आठवत नाही. आमच्या या चेक शहरात, ब्रनोत, तसं कुठल्याच घरात चालत नाही, पण माझ्या बायकोचा, ब्लाजेनाचा, या बाबतीतला कडकपणा साऱ्या इमारतीला ठाऊक होता. गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ती दारातच सपाता द्यायची, आणि तो बिचारा कागद दातांत धरून नाड्या सोडत बसायचा. बूट काढले तर माणूस घरचा, नाही तर तो टपालवाला, असं तिचं म्हणणं. माझ्या उजव्या अंगठ्याचं हाड वाढलंय, म्हणून मी माझ्या सपातेला तिथे कात्रीने गोल भोक पाडलंय. त्यावरून ती मला रोज बोलायची. "पाहुण्यांसमोर तरी झाक तो अंगठा, ओत्मार," म्हणायची, "खिडकीतून डोकावणाऱ्या शेजारणीसारखा दिसतो."

मी अडतीस वर्षं वजनमापं तपासायच्या सरकारी खात्यात काढली. दुकानदाराचा शब्द आणि काट्याचा आकडा यांत मी नेहमी काट्याचं ऐकलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझाच मला भरवसा वाटत नाही.

निवृत्त झाल्यापासून आमचा गुरुवार ठरलेला होता. आधी फारसं कुणी न जाणारं एखादं संग्रहालय, मग चहाघर. संग्रहालय ती निवडायची, चहाघर मी. कुलपांचं झालं, बंबवाल्यांच्या टोप्यांचं झालं, एका दातांच्या डॉक्टरने जमवलेल्या चिमट्यांचं झालं. तिथून आल्यावर तिने दोन दिवस तोंड उघडून हसणं सोडलं होतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी तिने हेर्मीना क्लुसाकोवाचं घर काढलं. ही बाई नाटकातल्या नटांचे कपडे शिवायची, एकटी राहायची, १९८७ साली वारली. मागे कुणी नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर इतकं जुन्या वळणाचं की नगरपालिकेने ते तसंच ठेवलं. गुरुवारी दुपारी दोन ते चार उघडं असतं.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ब्लाजेना तो पाय जरा ओढत, टाचेच्या बाहेरच्या कडेवर टाकते. प्रत्येक मजल्यावर थांबत आम्ही वर पोचलो. दाराच्या आत राखणीला ओश्मेरोवाबाई खुर्चीवर विणत बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी खोक्यात जाड लोकरी खोळी होत्या. लाकडी जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून बुटांवरून चढवायच्या. आमच्याकडच्या जुन्या घरांत हे असतंच. मी मुकाट्याने एक जोड चढवला. वळून पाहतो तर ब्लाजेनाने बूट काढले होते, नाड्या आत खोचून ते भिंतीकडच्या फळीवर नीट लावले होते, आणि त्या फळीवरचा एकुलता एक जोड, तपकिरी चौकड्यांच्या सपाता, पायात घालून ती उभी होती.

"अगं, त्या बघायला ठेवल्यात," मी म्हणालो. "घालायला नाही."

तिने खाली पाहिलं आणि लाजून हसली. "घरासारखा वास आला रे. हात आपोआप नाड्यांकडे गेले."

"जित्याची खोड," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ओश्मेरोवाबाई आमची चांगलीच हजेरी घेणार. त्यांनी सुया थांबवल्या आणि ब्लाजेनाच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आता घातल्यात ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मात्र त्या खोळी काढू नका, साहेब."

आत सुक्या सफरचंदांचा वास होता. स्वयंपाकघराच्या दाराला आडवा दोर लावला होता, पाहुण्यांनी तिथूनच बघायचं. टेबलावर दोन कप बशीत पालथे. मी भिंतीवरच्या तराजूकडे बघत होतो, जित्याची खोड मलाही आहेच. पुन्हा समोर पाहिलं तेव्हा ब्लाजेना दोराच्या पलीकडे होती. तिने न बघता डावीकडून दुसरा खण उघडला, एक चमचा काढला, झग्याच्या टोकाला पुसला, एक कप उताणा केला आणि चमचा त्याच्या बशीत ठेवला.

मी तिला दबक्या आवाजात हाक मारली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं आणि दोराखालून वाकून बाहेर आली, खुबा धरून, कण्हत. आत जाताना मी कण्हणं ऐकलं नव्हतं. दोराचा आकडा मी ओढून पाहिला. गंजून घट्ट बसला होता.

निघताना तिने सपाता काढल्या. त्या फळीवर ठेवायला म्हणून मी उचलल्या. उजवा तळ सारखा झिजला होता. डाव्याची टाच बाहेरच्या कडेला झिजली होती, आणि त्या झिजेत जुनी, दगडासारखी घट्ट झालेली धूळ होती. माझ्या खिशात पोलादी पट्टी असते. चार मिलिमीटर. ते एका दुपारचं काम नव्हतं.

चहाघर जवळच एका तळघरात होतं. तिथे बूट दारात काढून उशांवर बसायचं आणि काही हवं असलं की टेबलावरची घंटी वाजवायची. ब्लाजेना दाराजवळच्या बाकावरच बसली, बूट घालून. चहा आणणाऱ्या मुलीने तिला नम्रपणे आत बोलावलं.

"नको," ती म्हणाली, "मी फार वेळ थांबणार नाही."

तिने चहात तीन चमचे साखर घातली. ब्लाजेनाने तीस वर्षांत चहात साखर घातली नव्हती. मी थट्टा केली, ती हसली नाही. चहा बरा आहे, म्हणाली, पण घरच्यासारखा नाही.

घरी आल्यावर ती बुटांसकट आत गेली. बोळातल्या गालिच्यावर ओल्या चिखलाचे ठसे उमटले, एक पूर्ण, एक ओढलेला. मी त्या ठशांकडे बघत दारात उभा राहिलो आणि मला भीती वाटली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला मी रागावलेली, रडलेली, तापाने बरळलेली पाहिली होती. चिखल घेऊन आत गेलेली पाहिली नव्हती.

मी तिच्या लाल सपाता घेऊन गेलो. ती अंगात कोट तसाच ठेवून खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"कुणाच्या आहेत?" तिने विचारलं.

"तुझ्याच की."

"नाही हो," ती अदबीने म्हणाली. "मला लहान होतील."

अडतीस नंबर. मी पट्टी लावून पाहिली, तिच्या बुटालाही लावून पाहिली. दोन्ही सारखेच.

पुढचे सहा दिवस ती आमच्या घरात पाहुणी होती. रात्री कोचावर, बूट घालूनच पडायची. जेवलं की आभार मानायची. मला तुम्ही म्हणायची. डॉक्टरांनी तिला वार विचारला, साल विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिने माझ्यापेक्षा भराभर केले. काही सापडत नाही, डॉक्टर म्हणाले, वय आहे, झोप कमी असेल. बुधवारी संध्याकाळी तिने माझा हात हातात घेतला. "तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "पण मला आता निघायला हवं. घरी कुणी नाही."

मला माझी ब्लाजेना परत हवी होती, बाकी काही नको. गुरुवारी तिला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही असं मी ठरवलं. किल्ली खिशात ठेवली. दीड वाजता तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो, नळ उघडला, बंद केला. परत आलो तर खुर्ची रिकामी. दाराला कुलूप तसंच. किल्ली माझ्या खिशात.

ट्राममध्ये बसायला जागा होती, मी उभाच राहिलो. त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती थांबलेली दिसेल असं वाटत होतं. दिसली नाही.

ओश्मेरोवाबाई नुकतंच कुलूप उघडत होत्या. आज अजून कुणी आलेलं नाही, म्हणाल्या. पहिले तुम्हीच.

फळीवर ब्लाजेनाचे बूट होते. नाड्या आत खोचलेल्या. चिखल वाळून पांढरा पडला होता आणि त्यावर धूळ बसली होती.

चौकड्यांच्या सपाता तिथे नव्हत्या.

"हे माझ्या बायकोचे बूट आहेत," मी म्हणालो. "तिला न्यायला आलोय."

ओश्मेरोवाबाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या स्वतःच्या पायांत खोळी होत्या, वरचे बंद दोन-दोन गाठी मारून बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून खोक्यातून एक जोड काढला आणि माझ्यापुढे धरला. "हे घाला आणि दोराशी उभे राहून बघा," त्या म्हणाल्या. "नाही तर घरी जा, साहेब. बूट तिथेच राहू द्या."

तेवढ्यात आतून पावलं ऐकू आली. एक ठाम. एक ओढलेलं. एक ठाम. एक ओढलेलं.

किटली शेगडीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"ब्लाजेना," मी हाक मारली.

पावलं थांबली.

"आलास का रे, ओत्मार?" तिचाच आवाज, रोजचा, जरासा वैतागलेला. "बूट काढून ये. आत्ताच पुसलंय."

सहा दिवसांत ती मला अरे म्हणाली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मानेवरचे केस उभे राहिले. मी ओश्मेरोवाबाईंच्या हातातल्या खोळींकडे पाहिलं. त्यांनी त्या आणखी पुढे केल्या.

मग मी फळीकडे पाहिलं.

ब्लाजेनाच्या बुटांशेजारी पुरुषी सपातांचा एक जोड होता, त्याच तपकिरी चौकड्यांचा. गेल्या गुरुवारी तो नव्हता, आत्ता मघाशीही नव्हता. मी शपथेवर सांगेन.

उजवी सपात मी उचलली. अंगठ्यापाशी कात्रीने गोल भोक पाडलेलं होतं. कापलेली कड झिजून काळी झाली होती, खूप वर्षं वापरात असल्यासारखी.

ओश्मेरोवाबाईंनी खोळी खोक्यात परत टाकल्या.

मी वाकून नाडी सोडली. एका हाताने भिंतीचा आधार घेतला आणि दुसरा हात त्या सपातेत घातला. आत ऊब होती.