सातव्या चित्रातली मिसळ

कला माणसाला पोटाच्या वर उचलते, असं निवृत्तीरावांनी चित्रप्रदर्शनाच्या दारात जाहीर केलं आणि मटकीचा ढेकर रुमालाआड दाबला.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी फिरायला म्हणून निघाला आणि गंगापूर रोडला मिसळ हाणून आला. गेल्या वर्षी हृदयात स्प्रिंग बसली, तेव्हाच लताबाईंनी बजावलं होतं : पुन्हा तर्री खाल्लीत तर मी लेकीकडे, पुण्याला, कायमची. लताबाई धमक्या देत नसत, तारीख देत.

म्हणून आज गुपचूप प्रायश्चित्त. आधी प्रदर्शन, मग दोघांनी बिनतेलाची थाळी.

गोदाघाट, ब्रह्मगिरी, पुन्हा गोदाघाट. सातव्या चित्रात मिसळीचं हॉटेल होतं. पाठमोरा माणूस, समोर रिकामी खुर्ची, ताटात पापड, दही, पाव. खाली साल २०१९. शर्ट मात्र निवृत्तीरावांचा होता, यंदाच्या दिवाळीतला, जांभळ्या चौकड्यांचा. तो त्यांच्या अंगावरही होता.

"असे शर्ट पैशाला पासरी मिळतात," ते घाईने म्हणाले.

लताबाई चष्मा पुसून वाकल्या. "शर्टाचं राहू द्या. जिलबी रश्श्यात बुडवणारा दुसरा माणूस अख्ख्या नाशकात नाही."

खरंच, चित्रातल्या वाटीत जिलबी अर्धी बुडाली होती. निवृत्तीरावांनी सगळं कबूल केलं : एकच प्लेट, तीही लहान, रस्सा फक्त तीनदा. लताबाई चित्रातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. तर्रीचा वास येत होता. निवृत्तीरावांना वाटलं, आपलाच.

राग निवावा म्हणून ते पाणी आणायला गेले. जार कोपऱ्यात होता, पंधरा पावलांवर.

परतले तर चित्रासमोर कोणी नव्हतं.

दारावर बसलेली मुलगी म्हणाली, काकू बाहेर आल्याच नाहीत.

निवृत्तीरावांनी चित्राकडे पाहिलं. वाटी रिकामी होती.

समोरच्या खुर्चीत लताबाई. पदर खोचलेला, नाक लाल, हातात पाव. इतक्या खुशीत त्या कित्येक वर्षांत दिसल्या नव्हत्या. पाठमोरा काहीतरी म्हणाला असावा. त्या हसल्या.

"लता," निवृत्तीराव हळूच म्हणाले.

लताबाईंनी वर पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अगदी सभ्यपणे.

"दादा," त्या म्हणाल्या, "जरा लिंबू आणता का?"