अंधारात मिळवलेला हात

म्हातारा लुव्सान ही गोष्ट दिवा मालवल्यावरच सांगतो. मध्ये पोरं खिदळली तर उठून जातो. "गोंबो माझा शेजारी," तो म्हणतो. "त्याच्याच तोंडून ऐकलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं आत्ताच झोपावं."

गेल्या ऑगस्टची एकोणीस तारीख. अमावास्या चार रात्रींवर आलेली. गोबीच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानातले दोन राखणदार, गोंबो आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा पुंत्साग, तांबड्या कड्याखाली मुक्कामाला निघाले. कडा देवाचा. त्याच्यासमोर त्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'दयाळू' म्हणतात. त्याच्या पायथ्याशी खणून कुणीतरी डायनासोरची हाडं पळवत होतं. तीन रात्री पहारा द्यायचा, एवढंच काम.

गोंबोच्या डोक्यात चोर कधीच ठरला होता. निघण्याआधी तो कचेरीत पुंत्सागविरुद्ध अर्ज देऊन आला होता. ज्या माणसानं त्याला वाळूतल्या वाटा शिकवल्या, त्याची नोकरी त्या कागदानं जाणार होती. आणि आता त्याच माणसाशेजारी निजायचं होतं.

"दादा, ही नवी मोटारसायकल सासऱ्यानं दिली का?" खारा चहा ओतताना त्यानं विचारलं.

"सासऱ्यानं? त्यानं पोरगी दिली तीसुद्धा कुरकुरत! उंट विकले, बाबा."

"किती?"

"तू पोलिसात कधी लागलास रे?" पुंत्साग हसला आणि वाळलेल्या दह्याचा खडा दाढेखाली फोडू लागला. "झोप आता. पहिला पहारा माझा."

"नको. दोघंही पडू. गाडी आली तर आवाज येईलच."

त्याला एकटं बाहेर सोडायची गोंबोची तयारी नव्हती. पुंत्साग तंबूच्या दाराशी आडवा झाला. गोंबो त्याचा श्वास मोजत जागा राहिला, आणि मोजता मोजता झोपला.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. दाराशी श्वास चालू होता. म्हणजे गेला नाही कुठे. गोंबो लघवीला जायला उठला, आणि अंधारात त्याचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला.

आपल्यात असा पाय पडला की लगेच हात मिळवायचा. नाही मिळवला तर वैर पडतं. गोंबोनं वाकून उजवा हात पुढे केला.

हात धरला गेला.

घट्ट. सुटेना.

गोंबोला वाटलं, दादाला सगळं कळलंय, तरी हात सोडत नाही! "दादा, माफ कर," तो म्हणाला. "मीच अर्ज दिलाय. तूच हाडं विकतोस असं लिहिलंय मी. सोमवारी तुला बोलावतील..."

त्यानं हात ओढून पाहिला.

"दादा?"

हात गार होता. आणि तो पाय... अनवाणी होता. पुंत्साग तर बूट घालून निजला होता.

"गोंबो," तंबूच्या बाहेरून पुंत्सागचा आवाज आला. "कुणाशी बोलतोयस?"

...

बॅटरीचा उजेड आत आला तेव्हा गोंबो एकटाच होता. उजवा हात तसाच पुढे धरून.

"तू... बाहेर कशाला गेला होतास?" गोंबोनं विचारलं. अशा वेळीही तेच विचारलं.

"लघवीला," पुंत्साग म्हणाला. बॅटरी खाली केली. मग म्हणाला, "ऐकलं मी. सगळं."

सकाळी त्यानं मोटारसायकल चालू केली. मग बंद केली आणि परत आला. "हे बघ, तो पाय माझ्यावरच पडला असं समज. कागद मागे घे, विषय संपला." त्यानं हात पुढे केला.

गोंबोनं उजवा हात बाहीतून बाहेर काढला नाही. पहाटेच्या उजेडात त्यानं तो पाहिला होता. त्यावर जे होतं ते दादाला लागलं तर?

पुंत्सागचा हात थोडा वेळ तसाच राहिला. "अजून संशय आहे तर," तो म्हणाला आणि निघून गेला. गोंबोनं अर्ज मागे घेतला. पुंत्साग कामावर परत आला नाही. दोघं बोलत नाहीत.

"मग हातावर काय होतं, आजोबा?" अंधारात कुणीतरी विचारतं.

लुव्सान आवाज खाली आणतो.

"मी पाहिलंय. अजून आहे. चार बोटांच्या निळ्या खुणा. पंजापासून निघून कोपरापर्यंत पोचलेल्या, एवढी लांब बोटं. आणि अंगठ्याची खूण..."

"अंगठ्याची?"

"कुठेच नाही."